जर्मन नोटगेल्ड गोळा करताय? या चुका टाळा

नोटगेल्ड म्हणजे सरकारी पैसा अपुरा पडला तेव्हा जर्मन गावांनी, बँकांनी स्वतः काढलेल्या तात्पुरत्या नोटा. समजा, त्यातली हामेल्न गावची रंगीत नोट हाती येते. बासरी वाजवून उंदीर पळवणाऱ्याची गोष्ट याच गावची, म्हणून नोटेवर बासरीवाला, उंदीर, सगळं झकास. विकणारा सांगतो, 'पहिल्या महायुद्धातली आहे', आणि आपण मान डोलावतो. आधी साल बघा. असल्या देखण्या नोटा बहुतेक १९२० ते १९२२ मधल्या. युद्ध १९१८ मध्येच संपलं होतं. लोक नोटा जमवतात हे एव्हाना गावांच्या ध्यानात आलं होतं. जी नोट वटवायला कुणी परत येणार नाही, ती छापण्यात निव्वळ नफा!

खऱ्या युद्धकाळातलं नोटगेल्ड, म्हणजे नडीचा पैसा, दिसायला गरीब. ऑगस्ट १९१४ मध्ये लोकांनी चांदीची नाणी घरात दडवली. पुढे तांबं आणि निकेल दारूगोळ्याच्या कारखान्यांनी ओढलं. मोड मिळेना, तेव्हा नगरपालिका, बचत बँका, अगदी कारखान्यांनीही १०, २५, ५० फेनिगच्या (१०० फेनिगचा एक मार्क) चिठ्ठ्या काढल्या. (त्याच युद्धात चांदीची चणचण भासली म्हणून आपल्याकडे १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट आली.) त्या जर्मन चिठ्ठ्या म्हणजे साधा कागद, शिक्का, सही. मला विचाराल तर अशी मळकट चिठ्ठी दहा बासरीवाल्यांना भारी. तिच्यावर 'ग्युल्टिग बिस' (म्हणजे 'अमुक तारखेपर्यंत वैध') असेल, तर पुढची तारीख छपाईची नव्हे, मुदत संपण्याची.

१९२३ च्या महागाईतल्या नोटांवर शून्यं मोजताना तर भलेभले फसतात. जर्मन 'मिल्यार्ड' म्हणजे १०० कोटी आणि जर्मन 'बिलियन' म्हणजे एक लाख कोटी. इंग्रजी सवयीने 'बिलियन' १०० कोटींचा धरलात तर हिशेब हजार पटीने चुकला. आकडा बघून हुरळूही नका: त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ जर्मन बिलियन मार्क मोजावे लागत.

गावाचं नाव पूर्ण वाचा. वडगाव म्हटलं की 'कुठलं?' विचारतो ना आपण? तसं फ्रँकफुर्ट माइन नदीवरचं की ओडरवरचं, हे बघावं लागतं. जुन्या गॉथिक लिपीतला लांब 'एस' जवळजवळ 'एफ'सारखा दिसतो, तेही लक्षात असू द्या.

घडी मोडायला इस्त्री नको, फाटल्या जागी सेलोटेप नको, आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. पीव्हीसीची पाकिटं कालांतराने चिकट होतात, पॉलिएस्टरची घ्या. बीलेफेल्डच्या बचत बँकेने रेशमावरही नोटा छापल्या होत्या. कापडच आहे म्हणून त्या धुवायला काढू नका.