जपानचा रेल्वे पास: आधी हिशेब करा

जपानला निघालात की जो तो सांगतो, जेआर पास काढा, म्हणजे ठरावीक दिवस हवा तितका प्रवास करू देणारा जपान रेल्वेचा पास. जरा थांबा. सात दिवसांचा देशभर चालणारा साधा पास ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योतो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एकेरी तिकीट साधारण १४,००० येन. नुसतं जाऊन-येऊन पैसे वसूल होत नाहीत. त्यापेक्षा क्युशू किंवा होक्काइदो असा एकच भाग निवडा आणि तिथलाच प्रादेशिक पास घ्या. निवांत फिरणंही होतं.

आणि हो, बॅग घरीच टेपने मोजा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीच्या वर भरली, तर तोकाइदो शिंकान्सेनमध्ये (टोकियो-क्योतो याच मार्गावर) मोठी बॅग ठेवायची सोय असलेली सीट आधीच आरक्षित करावी लागते. नाहीतर गाडीत १,००० येन मोजा.