मेणवलीच्या घाटावरची जनरेटरची घरघर: माझा अनुभव

वाई-मेणवलीला सिंक साउंडवर, म्हणजे संवाद जागेवरच रेकॉर्ड करत, शूट असेल तर खरी डोकेदुखी परवानगीची नसते, जनरेटरची असते. घाट दगडी. जनरेटरची व्हॅन जवळ लावली की घरघर पायऱ्यांवर आपटून थेट संवादाखाली येऊन बसते. जनरेटरवरच्या ‘सायलेंट’ या पाटीवर विसंबू नका.

व्हॅन 200 मीटर लांब न्या, मध्ये घरांच्या भिंती येतील अशी, एक्झॉस्टचं तोंड घाटाच्या उलट दिशेला. पण मग केबल लांबते आणि व्होल्टेज पडतं. 16 चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलवर दर फेजला (जनरेटरच्या तीन वीजवाहक तारांपैकी प्रत्येकीला) 60 अँपिअर ओढले की 230 चे साधारण 216 व्होल्ट उरतात. 35 चौरस मिमीची टाकली तर 224च्या आसपास. टंगस्टन दिवा पिवळा पडतो तो यामुळेच. दिव्यावरचे जेल (रंगीत फिल्टर) बदलत बसू नका, आधी दिव्यापाशी मीटर लावा.

लोड तिन्ही फेजवर सारखा वाटा, नाहीतर न्यूट्रल (परतीची सामाईक तार) तापतो. उरलेल्या केबलचं वेटोळं ठेवू नका, तेही तापतं, नागमोडी पसरा. रस्त्यावर केबल रॅम्प (केबलवरून वाहनं जाऊ देणारं आच्छादन) हवाच. हंगामात उसाच्या ट्रॉल्या शॉटसाठी थांबत नाहीत.

आणि हो, सरकारी परवानगी हातात असली तरी घाटालगतच्या वाड्यासाठी मालकाची लेखी संमती वेगळी लागते. व्हॅन ज्याच्या खळ्यात उभी करणार, त्याचीही.