ताणलेल्या पॉलियुरेथेनवर मॅक्रोफेजचा परिणाम कसा तपासावा

पेसमेकरच्या तारेवरील पॉलिईथर युरेथेनच्या (ईथर बंध असलेल्या पॉलियुरेथेनच्या) आवरणाला १९८०च्या दशकात भेगा आढळू लागल्या, आणि त्यामागे ताण व शरीरातील ऑक्सिडीकरण या दोहोंचा संयुक्त परिणाम असल्याचे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. हे दोन घटक वेगळे करून पाहणे, हाच या चाचणीचा गाभा आहे.

त्यासाठी नमुन्यांचे चार गट ठेवावेत: ताणलेले आणि न ताणलेले, आणि त्या प्रत्येकाचे मॅक्रोफेज पेशींसह (परक्या वस्तू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) व पेशींविना. यांपैकी एकही गट गाळला, तर भेगा कशामुळे पडल्या हे सांगता येणार नाही.

साच्यातून दाबून काढलेल्या नळीत घडणीच्या वेळचा ताण शिल्लक राहिलेला असतो. म्हणून ती वितळणबिंदूच्या बरीच खाली तापवून सावकाश थंड करावी आणि मगच दांड्यावर ओढून दोन्ही टोकांना पक्की बांधावी. लांबी कायम असली, तरी पॉलिमरमधला ताण वेळेनुसार उतरत जातो. त्यामुळे केवळ किती टक्के ओढले हे नोंदवणे पुरेसे नाही, तशाच दुसऱ्या नमुन्यावर ताणाचा उतारही मोजावा. बांधलेल्या जागी ताण एकवटतो, म्हणून तिथल्या भेगा मोजणीत धरू नयेत.

मानवी रक्तातील मोनोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) वाढवून मिळालेल्या मॅक्रोफेज वापराव्यात. पृष्ठभागाला चिकटलेली ही पेशी तिच्याखालच्या बंद फटीत आम्ल व ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू सोडते, आणि ते पॉलिमरच्या साखळीतील ईथरच्या (कार्बन-ऑक्सिजन-कार्बन) बंधांवर हल्ला करतात. ताणामुळे पृष्ठभाग बदलून पेशी कमीजास्त चिकटू शकतात, म्हणून दर चौरस सेंटिमीटरला किती पेशी आहेत हे मोजल्याशिवाय गटांची तुलना करू नये. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते.

पेशींऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कोबाल्ट क्लोराइडचे ऑक्सिडीकरण करणारे द्रावण वापरून चाचणी लवकर उरकता येते. मात्र नमुना आधी मानवी प्लाझ्मात (रक्तातील पेशी वगळून उरलेल्या द्रवात) ठेवल्यास शरीरातल्यासारख्या भेगा पडतात, आणि त्यामागे अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन असल्याचे आढळले आहे. म्हणून ही पायरी टाळू नये.

शेवटी पेशी धुऊन काढून पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा आणि अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपटात ११०० सेंमी⁻¹च्या आसपासचे ईथरचे शिखर किती घटले ते तपासावे. भेगा आहेत पण शिखर घटलेले नाही, असे दिसल्यास तो निकाल ऑक्सिडीकरणाच्या नावे लिहू नये; आधी पेशींविना ताणलेल्या गटाशी पडताळून पाहावा.