बाथरूमच्या टाइल्स: दुकानात राखाडी, घरात मातकट

टाइल्स ठरल्या आणि लगेच मनात किडा वळवळायला लागला: फार गडद तर नाहीत ना? दुकानातल्या पांढऱ्या झगमगाटात राखाडी वाटलेली टाइल घरच्या पिवळ्या दिव्याखाली चक्क मातकट दिसत होती.

मग फोटो चाळणं बंद केलं. नमुने आणले, भिंतीचा भिंतीला टेकवला, फरशीचा खाली ठेवला. दिवसा पाहिले, रात्री दिवा लावून पाहिले. खालच्या टाइलवर साबणाचं पाणी ओतून पाय घासला. चकचकीत तिथेच बाद, मॅट पक्की. शॉवरखाली मोठ्या टाइलला मिस्त्रींनीच नको म्हटलं. पाणी जायच्या जाळीकडे चारी बाजूंनी उतार द्यायचा तर मोठी टाइल तिरकी कापावी लागते. लहान टाइल उतार सहज घेते, शिवाय सांध्यांमुळे पायाला पकड मिळते.

मला मुळात खटकत होतं ते पांढरं ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटीत भरतात तो मसाला. त्यामुळे प्रत्येक चौकोन डोळ्यात भरायचा. टाइलच्या रंगाचंच, किंचित गडद ग्राउट दोन नमुन्यांच्या फटीत भरून पाहिलं आणि शंका मिटली. (डागही कमी दिसतात, हा वरचा फायदा.)

खोकी घेताना सगळ्यांवरचा शेड नंबर जुळवा. तुटफुटीसाठी 10 टक्के जास्त घ्या; नंतर तीच छटा मिळेलच असं नाही.