आधी पाकीट, मग कार्ड

पाकीट. हातानं शुभेच्छा कार्डं करायची असतील तर कागद, शाई, स्टेन्सिल (नक्षी कापलेला पातळ साचा, त्यातून शाई भरतात), डाय (कागदातून आकार कापणारा धातूचा साचा), यांतलं काहीही विकत घेण्याआधी पाकीट आणा, टेबलावर ठेवा आणि मग पुढचं वाचा.

गेल्या वर्षी चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, मी ४० कार्डं हातानं केली. घरात १२ इंची कागदाचा गठ्ठा पडून होता. एक कागद मधोमध कापला आणि प्रत्येक अर्धा दुमडला की सहा बाय सहाची दोन चौकोनी कार्डं तयार, कागदाची चिंधीही वाया जात नाही, म्हणून मी स्वतःवरच खूश. कार्डं झालीही देखणी. मग पाकिटं आणायला निघाले. फोंड्यात मिळाली नाहीत, मडगावात नाहीत. पणजीत १८ जून रस्त्यावरच्या एका दुकानदारानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "असलें पाकीट ना गो बाय." चवथ २७ ऑगस्टला होती. २३ तारखेच्या रात्री मी तपकिरी कागदाची पाकिटं चिकटवत बसले होते, बाहेर धो धो पाऊस, आणि गोंद काही केल्या वाळेना. चौदा कार्डं वेळेत गेली. काही दिवाळीत हातोहात दिली. उरलेली कपाटात राहिली आणि त्यांच्यावर कसरीनं चवथ साजरी केली.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चवथ १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे चांगले अडीच आठवडे जास्त. तरीही पाकीट आधी.

माप सांगते. ए-फोर कागद अर्धा कापला की ए-फाइव्ह. तो दुमडला की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. त्याला सी-सिक्स पाकीट लागतं, ११४ बाय १६२ मिलिमीटरचं, आणि त्यात ते सैलसर बसतं. दुकानात सी-सिक्स म्हटलं तर कुणाला कळेलच असं नाही, तेव्हा पट्टी घेऊन जा. त्याहून बरं म्हणजे कोऱ्या कागदाचं एक कार्ड दुमडून सोबत न्या आणि दुकानात उभ्या उभ्या पाकिटात घालून बघा. अगदी घट्ट बसणारं पाकीट घेऊ नका. वर डाय कटचा थर चढला, खाली फोम टेप (स्पंजासारखी जाड दुहेरी टेप) आली की कार्ड जाड होतं, आणि जाड कार्डाला लांबी-रुंदीतही जास्त जागा लागते. हे मला २३ ऑगस्टच्या रात्री कळलं.

मोठं कार्ड हवं म्हणून अख्खा ए-फोर दुमडायचा मोह होईल. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा, ए-फोर कागद साधारण पावणेएकोणीस ग्रॅम भरतो. पोस्टात पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. पाकीट घातलं की तो ओलांडलाच. ए-फाइव्ह सव्वानऊ-साडेनऊ ग्रॅम भरतो, म्हणजे सजावटीला जागा उरते. माझी चौकोनी कार्डं स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाकिटासकट २७ ग्रॅम भरली होती. काटाही आधी काढून ठेवा.

आणि पाकिटं आणलीत म्हणजे काम झालं असं नाही. गोव्याच्या पावसाळ्यात गोंद लावलेली पाकिटं आपली आपणच बंद होतात. डबा उघडावा तर सगळी झाकणं चिकटलेली. झाकणं उघडी ठेवून रचा, दोन पाकिटांमध्ये बटर पेपरचा तुकडा घाला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दहा जास्तीची आणा. फाटतात, पत्ता चुकतो, कुणीतरी आठवतं.

आता कागद. दुमडायच्या कार्डाला २५० ते ३०० जीएसएम, वरच्या थरांना २०० पुरे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात कागद हवेतलं पाणी पितो आणि कडा पापडासारख्या वर येतात. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वर सपाट वजन ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नसतील तर कोरडे तांदूळ भाजून, गार करून, कापडाच्या पुरचुंडीत बांधा. लागेल तेवढाच कागद बाहेर काढा. ओलसर कागदावर शाई पसरते, एम्बॉसिंगची पावडर (तापवली की वितळून उठाव देते ती) नको तिथं चिकटते, डायनं कापताना कडा तुटण्याऐवजी ओरबाडल्यासारखी निघते. साहित्यावर खापर फोडण्याआधी कागद हातात घेऊन वाकवून बघा. कुरकुरीत वाटला तर ठीक, फडक्यासारखा लोळला तर त्या दिवशी पाकिटांवर पत्ते लिहा.

कागदाला धागा असतो, म्हणजे तंतूंची दिशा. ज्या बाजूनं सहज वाकतो त्या बाजूनं दुमडा, नाहीतर घडीवर भेगा पडतात. दुमडण्याआधी संपलेल्या बॉलपेननं पट्टी धरून चर ओढा. चर बाहेरच्या अंगाला आला पाहिजे, उंचवटा आत. बहुतेक जण उलटं करतात. मीही करत होते.

चित्र काय काढायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. मी माटोळी केली होती, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं टांगतात ती चौकट. वर आडवी फळी आणि खाली लोंबणारे नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरंजन, प्रत्येकाचं वेगळं डाय कट. यंदा कावी करणार आहे. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या रंगाचा थर खरवडून खालचा पांढरा चुना दाखवतात, ते काम. दोनच रंग, गोल फुलांच्या आकृत्या; स्टेन्सिलसाठी याहून सोयीचं काही नाही. आणि ते सपाट आहे. सपाट कार्ड पाकिटात जातं.

स्टेन्सिल विकतचं असेल तर प्रश्न नाही. घरी कापणार असाल तर जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद आणि नवीन पातं घ्या. आतला आकार गळून पडू नये म्हणून पूल, म्हणजे न कापलेल्या अरुंद पट्ट्या, ठेवावे लागतात. गोल फुलाचा मधला ठिपका कुणाच्या तरी आधारानं उभा राहायला हवा. मराठी अक्षरं कापताना तर हे विसरूच नका. शिरोरेषा सलग कापलीत तर एक लांब फट तयार होते, स्टेन्सिल तिथंच झुकतं आणि शाई खाली शिरते. दर अक्षराला दोन-तीन मिलिमीटर सोडा. 'व'चं पोट, 'म'ची गाठ, 'थ'चं वेटोळं, सगळे पूल मागतात.

डाय कटमध्ये मात्र नेमकं उलटं. तिथं शिरोरेषा उपकार करते. अख्खा 'मोरया' तिला लटकून एका तुकड्यात निघतो. रोमन लिपीत सुट्या अक्षरांची जुळणी करत बसावं लागतं, आपल्याला नाही. फक्त अनुस्वार सुटा पडतो आणि हरवतो. 'मंगलमूर्ती'चे टिंब मी शेवटी कागदाला भोक पाडायच्या पंचनं पाडून घेतले. मराठी शब्दांच्या तयार धातूच्या डाय मला मिळाल्या नाहीत. ओळखीत कुणाकडे संगणकाला जोडायचं कटिंग मशीन असेल तर गोड बोलून कापून घ्या.

स्टेन्सिल कागदाला मास्किंग टेपनं चिकटवा, पण टेप आधी अंगावरच्या कपड्यावर दोनदा लावून काढा, म्हणजे तिचा चिकटपणा थोडा मरतो आणि कागदाचा पापुद्रा निघत नाही. ब्रशवर शाई घेतली की आधी रद्दीवर गोल फिरवा, जवळजवळ कोरडा झाला की मग कार्डावर. घाईनं भरपूर शाई घेतलीत तर ती कडेखाली शिरलीच समजा. उठावाची पेस्ट वापरलीत तर स्टेन्सिल त्याच क्षणी पाण्यात टाका, वाळली की जाळी बुजली. आणि पेस्ट आपल्याकडच्या हवेत रात्रभर वाळत ठेवा. पाकिटावर छापलेल्या वेळेवर जाऊ नका, पावसाळ्यात ती दुप्पट धरा.

हो, पाकीट म्हणताना मला पेस्टचं पाकीट म्हणायचं होतं. पण ते दुसरं आणलंत ना?

शिक्के. नवीन पारदर्शक शिक्क्यावर गुळगुळीत थर असतो, शाई थेंबाथेंबानं गोळा होते. खोडरबरानं हलकेच घासा, बसेल. खाली माऊस पॅड ठेवा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. शिक्का मारताना डुलवू नका, सरळ ठेवा, दाबा, सरळ उचला. मराठी मजकुराचा शिक्का हवा असेल तर ऑफिसचे रबरी शिक्के करून देणाऱ्याकडे टाका, पण आधी कच्चा नमुना मागा आणि 'शुभेच्छा'तला 'च्छ' आणि 'चतुर्थी'तली दीर्घ वेलांटी स्वतः बघा. डाय शाई (इथं डाय म्हणजे रंग, कापायचा साचा नव्हे) लवकर वाळते, पिगमेंट शाई कागदावर ओली बसून राहते. एम्बॉसिंगची पावडर टाकायची तर ती ओलीच हवी. पण पावडर टाकायच्या आधी, शिक्का मारायच्याही आधी, कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवा, नाहीतर दमट कागदावर सोनेरी कण सगळीकडे चिकटतात आणि कार्डाला गोवर आल्यासारखं दिसतं. हेअर ड्रायरनं ती पावडर वितळत नाही, उडून जाते. हीट गनच लागते. ती घरात आहे आणि वीजही आहे, अशी वेळ साधा.

पारदर्शक शिक्के खिडकीत वाळत ठेवू नका, उन्हानं पिवळे पडतात.

डाय कटिंगचं मशीन ज्याच्याकडे आहे त्याला प्लेटांचा क्रम माहीत असतो, नसेल तर डब्यावर असतो. धारेची बाजू कागदाकडे. नाजूक नक्षीची डाय असेल तर ती किंचित तिरकी ठेवा, म्हणजे दाब एकदम सगळ्या कडेवर येत नाही, आणि डाय व कागदामध्ये बटर पेपर घाला, तुकडा अडकून राहत नाही. कडकड आवाज येतो, घाबरू नका. एकाच बाजूनं कापत राहिलात तर प्लेट केळीच्या पानासारखी वाकते, अधूनमधून उलटी करा. अडकलेले कण मागच्या भोकांतून टाचणीनं ढकला, नखानं ओढू नका. ४० कार्डांचे तुकडे एका बसणीला कापायला गेलात तर दुसऱ्या दिवशी हंडा उचलवत नाही.

जोडणी: पांढऱ्या गोंदात पाणी असतं, मोठ्या तुकड्याला लावला की कागद फुगतो. दुहेरी टेप लावा. फोम टेप एका जागी, एकच थर. प्रत्येक थरानंतर कार्ड पाकिटात घालून बघा. प्रत्येक. मी शेवटी एकदाच बघितलं होतं.

पहिलं कार्ड पूर्ण करा, पाकिटात घाला, बंद करा, वजन करा, एक रात्र पुस्तकाखाली ठेवा, सकाळी उघडा. ठीक असेल तर उरलेली करा. हे एवढं गेल्या वर्षी केलं असतं तर ही यादी लिहायची वेळ आली नसती.

पोस्ट. तारखेचा शिक्का दणकन बसतो, तिकिटाच्या कोपऱ्याखाली उठाव नको. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, ते मागत बसू नका. चवथीच्या निदान दहा दिवस आधी टाका. पत्ता रिकाम्या पाकिटावर लिहा. कार्ड आत घालून लिहिलंत तर पेनाचे वळ चित्रावर उमटतात. पावसाला न फुटणारी शाई. पिनकोड. आणि पत्ता फोन करून विचारून घ्या. माझ्या आत्येबहिणीनं बेळगावातलं घर बदललं, हे मला परत आलेल्या पाकिटावरून कळलं.