आधी चिप, मग लस

आमची ठकी कोथरूडच्या रस्त्यावर सापडलेली गावठी कुत्री. नवऱ्याला फ्रँकफर्टला नोकरी लागली तेव्हा तिला मागे ठेवायचा प्रश्नच नव्हता. तुम्हीही कुत्रं किंवा मांजर जर्मनीला नेणार असाल, तर तिकिटाआधी कॅलेंडर घेऊन बसा. सहा महिने तरी हाताशी हवेत.

सगळ्यात आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख-क्रमांकाची बारीक चिप, आयएसओ प्रमाणाची, १५ आकडी. रेबीजची लस त्यानंतरच. आमचं इथेच चुकलं. ठकीची लस दरवर्षी वेळेवर, पुस्तिका चोख. पण चिप बसवली लसीनंतर दोन महिन्यांनी. चिपआधीची लस युरोपात धरत नाहीत, कारण ती याच कुत्रीला टोचली याचा पुरावा नसतो. पुन्हा टोचून घेतली आणि सगळी मोजणी नव्याने सुरू झाली. नवरा एकटाच पुढे गेला. मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात ५ दिवसांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणून मालक म्हणून माझं नाव घातलं.

लसीनंतर निदान ३० दिवस जाऊ द्या, मग रक्त तपासायला द्या. प्रयोगशाळा युरोपीय संघाने मान्य केलेलीच हवी आणि रक्तातल्या रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) प्रमाण मिलीलिटरला किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) यायला हवं. त्यापुढे ३ महिने थांबायचं. हे महिने रक्त काढल्याच्या तारखेपासून मोजतात, अहवालाच्या नव्हे. रेबीज लसीचा पुढचा बूस्टर मात्र एक दिवसही चुकवू नका. चुकला तर ही तपासणी बाद होते.

शेवटचं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाच्या सहीचं लागतं. आम्ही त्यासाठी मुंबईच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन कार्यालयात गेलो. नमुना युरोपीय संघाचा, इंग्रजी आणि जर्मन दोन्ही भाषांतला. सहीपासून १० दिवसांत पोहोचायचं, म्हणून ही भेट प्रवासाच्या अगदी तोंडावर ठेवा. सही-शिक्का छपाईच्या रंगाहून वेगळ्या रंगात हवा. तिथेच उभ्या उभ्या पाहून घ्या. प्रत्येक कागदावरचे १५ आकडे मोठ्याने वाचून ताडून बघा. मी वाचत होते, भाऊ पुस्तिकेत बोट ठेवून बघत होता.

जर्मनीत पोहोचल्यावर तिथल्या पशुवैद्यकाकडून ठकीचा युरोपीय पासपोर्ट काढला आणि रक्ततपासणीची नोंद त्यात करून घेतली. ही नोंद असली आणि बूस्टर वेळेवर असले, की दिवाळीला पुण्याला येऊन परत जाताना ते ३ महिने पुन्हा थांबावं लागत नाही.