शब्द नसलेल्या ऑर्केस्ट्रात भक्ती कशी ऐकायची

सवाईला तीन-तीन तास मांडी घालून बसणारी आपली पुणेकर मंडळी सिम्फनी, म्हणजे पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राची मोठी रचना, लावली की पाच मिनिटांत विचारतात, यात देव कुठाय, शब्दच नाहीत. अहो, विलंबित ख्यालात तरी शब्द किती असतात?

सुरुवात अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकार हायडनपासून करा. पक्का कॅथलिक माणूस, आपण कागदावर आधी श्री लिहितो तसं हा रचनेच्या वर 'इन नोमिने डॉमिनी' लिहायचा आणि शेवटी 'लाउस डेओ', म्हणजे देवाची स्तुती असो. त्याचं 'सेव्हन लास्ट वर्ड्स', म्हणजे क्रूसावरच्या येशूची शेवटची सात वाक्यं, शोधा, पण ऑर्केस्ट्रावालंच घ्या, कारण नंतर त्याने त्याचंच चार वाद्यांचं आणि कोरसचंही केलंय. हे लिहिलं स्पेनमधल्या कादिझसाठी, 1786 च्या सुमारास, गुड फ्रायडेच्या उपासनेला. काळ्या कापडाने झाकलेलं चर्च, मधे एकच दिवा, बिशप क्रूसावरच्या येशूचं एक वाक्य म्हणणार, त्यावर बोलणार, मग खाली येऊन गुडघे टेकणार आणि तेवढ्या वेळात संगीत. म्हणजे कीर्तनातलं निरूपणच की, फक्त अभंगाच्या जागी नुसती वाद्यं.

तर मराठी बायबलमधून ती सात वाक्यं कागदावर उतरवा, एकेक मोठ्याने वाचा, मग प्ले. पहिला ट्रॅक प्रस्तावनेचा असतो, त्यामुळे पाचवं वाक्य सहाव्या ट्रॅकला येतं, इथेच लोक गडबडतात. ते पाचवं, 'मला तहान लागली आहे'. व्हायोलिनचे दोनच सूर खाली उतरतात आणि बाकीच्या तारा बोटांनी छेडलेल्या, टिप टिप टिप, मे महिन्यात टाकी रिकामी झाल्यावर नळ टपकतो ना, तसं. मी पहिल्यांदा फुकटच्या ॲपवर ऐकलं आणि तहान संपते न संपते तोच कोल्ड्रिंकची जाहिरात! म्हणून आधी डाउनलोड करा, शफल बंद ठेवा, आणि शेवटच्या ट्रॅकला वाद्यांतून भूकंप होतो, तेव्हा आवाज कमी.

हे पचलं की ब्रुकनर, एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार. सातव्या सिम्फनीच्या संथ दुसऱ्या भागात त्याने स्वतःच्या 'टे डेऊम' या गायलेल्या देवस्तुतीतली चाल घेतलीय, ते आधी ऐका म्हणजे ओळखू येईल. नववी तर थेट देवालाच अर्पण, पण 1896 मध्ये तो गेला आणि ती अपुरीच राहिली.

विसाव्या शतकातला फ्रेंच संगीतकार मेसियां सगळ्यात शेवटी. 1964 चं 'एट एक्स्पेक्टो', यात तंतुवाद्यं अजिबात नाहीत, घंटेची आस पूर्ण विरेपर्यंत थांबायचं. याच्या लयींत आपल्या देवगिरीच्या शार्ङ्गदेवाचे, म्हणजे 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्याचे, देशी ताल आहेत, पण मांडीवर ताल धरून सम शोधू नका, मी तासभर शोधलीय.